पंख्याचा मार

‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या जपानी व्हिडिओ गेमच्या मालिकेत लढणाऱ्यांच्या हाताला काय काय लागतं याची यादी कुणी वाचून दाखवली, तर एखाद्या चक्रम माणसाच्या माळ्यावरचं सामान मोजणं चाललंय असं वाटेल. प्रकाशाच्या पात्याची तलवार, किरण सोडणारं पिस्तूल आणि बॉम्ब ही अपेक्षित मंडळी तिच्यात आहेतच. पण त्यांच्या जोडीला बेसबॉलची बॅट आहे, कासवाचं हिरवं कवच आहे, ज्याला मारावं त्याच्या डोक्यावर फूल उगवायला लावणारी छडी आहे, आणि कागदाच्या घड्या घालून, एका टोकाला मूठ बांधून केलेला एक पंखा आहे. या पंख्याने वारा घ्यायचा नसतो, समोरच्याला फटकवायचं असतं. जपानीत त्याला ‘हारिसेन’ म्हणतात. 1999 साली निन्तेन्दो 64 या कन्सोलवर आलेल्या पहिल्या गेममध्ये तो होता, 2001 च्या ‘मेली’मध्ये होता आणि 2008 च्या ‘ब्रॉल’मध्येही होता. त्याचा मार नावापुरता. त्याच्या फटक्याने कुणी उडून लांब पडत नाही, कुणाचा निकाल लागत नाही. मारामारीच्या गेममध्ये असलं हत्यार कशाला ठेवायचं, तर गंमत म्हणून, असं सोपं उत्तर कुणीही देईल. ते उत्तर चुकीचं नाही, अपुरं आहे. हा पंखा गंमत म्हणून बाजूला ठेवलेला अपवाद नाही. व्हिडिओ गेममधला प्रत्येक घाव ज्या गोष्टींचा बनलेला असतो, त्याच गोष्टींचा तोही बनलेला आहे. फरक एवढाच की तलवार ते लपवते आणि पंखा लपवत नाही.

हे पटवायचं तर आधी हा खेळ काय आहे ते सांगायला हवं, कारण निन्तेन्दोचे कन्सोल आपल्याकडे कधीच घरोघरी पोचले नाहीत. मारिओ आपल्याला कॅसेटवाल्या व्हिडिओ गेममधून भेटला आणि पिकाचू टीव्हीवरून. हे दोघे, आणि निन्तेन्दोच्या इतर खेळांतली पात्रं, एका मंचावर एकमेकांशी लढतात ती ही मालिका. पहिल्या गेममध्ये अशी 12 पात्रं होती. त्यात एका वेळी चौघं खेळू शकत असत. मारामारीच्या बहुतेक गेममध्ये पडद्याच्या वरच्या बाजूला प्रत्येकाच्या जिवाची एक पट्टी असते, मार बसेल तशी ती आटत जाते आणि संपली की माणूस आडवा. इथे पट्टीच नाही. इथे शून्यापासून चढत जाणारा टक्क्यांचा आकडा आहे. मार खाल्ला की आकडा वाढतो, आणि आकडा जितका मोठा तितका पुढच्या फटक्याला तुम्ही लांब भिरकावले जाता. मंचाच्या हद्दीबाहेर गेलात की एक बाजी गेली. म्हणजे दोनशे टक्के मार खाऊनही एखादा टिकून राहतो, आणि वीस टक्क्यांवरचा एखादा कडेवरून पाय घसरून जातो. इथे जिंकायचं म्हणजे समोरच्याला मारून टाकायचं नसतं, त्याला बाहेर घालवायचं असतं.

हा नियम ज्याच्या डोक्यातून निघाला तो मासाहिरो साकुराई त्या वेळी एचएएल लॅबोरेटरी या कंपनीत होता. ‘कर्बी’ या गुलाबी, गोलमटोल पात्राचा जनक म्हणून त्याचं नाव आधीच झालं होतं. पुढे निन्तेन्दोचा अध्यक्ष झालेला सातोरु इवाता तेव्हा एचएएलचा प्रमुख होता. साकुराईने आखणी करायची, इवाताने प्रोग्रॅम लिहायचा, असा त्यांनी एक नमुना तयार केला. त्याचं नाव ‘ड्रॅगन किंग’ होतं आणि त्यात निन्तेन्दोचं एकही पात्र नव्हतं. या सगळ्यामागची एक गोष्ट साकुराईने स्वतःच सांगितलेली आहे. एका गेम पार्लरमध्ये ‘किंग ऑफ फायटर्स 95’ खेळताना त्याने समोरच्याला बेदम हरवलं. मग लक्षात आलं की पलीकडे बसलेलं जोडपं अगदीच नवखं होतं, आणि त्यांच्या करमणुकीची आपण माती केली. मारामारीचा गेम हा सराव केलेल्यांनी नवख्यांना तुडवण्याचा खेळ होऊन बसलाय, ही बोच तिथून निघाली. मंचावर अधूनमधून आपोआप पडणाऱ्या वस्तू याच बोचीतून आलेल्या दिसतात. ज्याची बोटं चालत नाहीत त्याच्याही हाती नशिबाने कधी बॅट लागते. पंखा या वस्तूंपैकीच एक.

काळाचाही संदर्भ लक्षात घ्यायला हवा. 1992 साली ‘मॉर्टल कॉम्बॅट’ने मारामारीच्या गेममध्ये रक्ताचे सडे घातले. घरच्या कन्सोलवर तो आणताना निन्तेन्दोने रक्ताच्या जागी राखाडी घाम दाखवला. 1993 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सिनेटमध्ये अशा खेळांवर सुनावण्या झाल्या आणि पुढच्या वर्षी तिथे गेमना वयोगटाचं प्रमाणपत्र देणारी व्यवस्था उभी राहिली. घाम रंगवून वेळ मारून नेणं ही पळवाट होती. मारामारीच ठेवायची पण तिचा अर्थ बदलायचा, हा मार्ग निन्तेन्दोला ‘स्मॅश’मध्ये सापडला.

आता खुद्द हारिसेन. जपानमध्ये ‘कोदान’ नावाचा जुना कथाकथनाचा प्रकार आहे. कथेकरी छोट्या मेजामागे बसतो, युद्धांच्या आणि वीरांच्या कथा सांगतो, आणि रंगाच्या ठिकाणी कागदाने मढवलेल्या पंख्याने मेजावर फटका मारतो. त्या आवाजाने कथेला ठोका मिळतो. विनोदी रंगमंचावर हा आवाज मेजावरून माणसाच्या डोक्यावर आला. घडीच्या कागदाचा मोठा पंखा लोकप्रिय करण्याचं श्रेय ‘चानबारा ट्रिओ’ या विनोदी मंडळीला दिलं जातं. 1960 च्या दशकात पुढे आलेली ही मंडळी तलवारबाजीच्या चित्रपटांची टवाळी करत असे. तलवारीच्या नकलेतून कागदाचं हत्यार जन्माला यावं, हे मला फार बोलकं वाटतं. जपानी विनोदात, विशेषतः ‘मानझाई’ या दोघांच्या संवादात, एक जण खुळ्यासारखं बोलतो आणि दुसरा त्याला भानावर आणतो. आपल्या तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या शब्दाचा भलताच अर्थ काढतो आणि समोरचा त्याला दटावतो, ते ज्याने ऐकलंय त्याला ही जोडी वेगळी समजावून सांगायला नको. भानावर आणणारा कधी हाताने टपली देतो, कधी हारिसेन हाणतो. तो फटका शिक्षा नसतो, विरामचिन्ह असतो. खुळं वाक्य संपलं, आता हसा, एवढंच तो सांगतो. त्यासाठी आवाज मोठा हवा आणि इजा शून्य हवी. घड्या घातलेला कागद दोन्ही गोष्टी फुकटात देतो, कारण घड्या एकमेकींवर आपटल्या की फटाका उडावा असा आवाज होतो आणि कागदाला वजन म्हणून नसतं.

ही युक्ती फक्त जपानची नाही. सोळाव्या शतकापासून इटलीत फिरणाऱ्या नाटकमंडळ्यांत आर्लेकिनो या विदूषकाच्या हाती दोन पातळ फळ्यांची काठी असे. हलकी लावली तरी फळ्या एकमेकींवर आदळून खाडकन आवाज व्हायचा. आपल्या नाट्यशास्त्रात तर पहिल्याच अध्यायात देव नाटकाला भेटी देतात, तेव्हा इंद्र आपला ध्वज देतो आणि ब्रह्मा विदूषकासाठी वाकडी काठी देतो. या काठीचं संस्कृत नाटककारांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. ‘मृच्छकटिका’तला विदूषक मैत्रेय ती उगारून शकाराला धमकावतो; ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात विरहाने व्याकूळ राजाला आंब्याचा मोहोर म्हणजे मदनाचे बाण वाटतात, तेव्हा त्याचा विदूषक मित्र काठी घेऊन त्या मोहोरावरच धावून जातो. ज्या शस्त्राने कुणी कधी मेलं नाही ते मदनाच्या बाणांवर चालवायचं, यातली अतिशयोक्ती कालिदासाला पक्की कळलेली होती. या काठ्यांचा आणि हारिसेनचा वंशवृक्ष एक आहे असा दावा मला करायचा नाही. मंचावर मार दाखवायचा पण लागू द्यायचा नाही, ही अडचण सगळीकडे सारखीच होती, आणि सगळ्यांनी तिच्यावर आवाज हाच तोडगा काढला.

व्हिडिओ गेमसमोर ही अडचण आणखी टोकाची आहे. तिथे कुणीच कुणाला लागू शकत नाही, कारण लागायला शरीरच नाही. पडद्यावरची तलवार पडद्यावरच्या अंगातून आरपार जाते, आणि संगणक दोन आकृत्या एकमेकींवर आल्या एवढीच नोंद करतो. ही नोंद खेळणाऱ्याला ‘घाव’ म्हणून जाणवावी यासाठी बनवणाऱ्यांना बरीच कारागिरी करावी लागते. त्यातली सगळ्यात परिणामकारक युक्ती म्हणजे घाव बसताक्षणी दोन्ही आकृत्या काही क्षण थिजवणं. हे गेम साधारणपणे सेकंदाला 60 चित्रं दाखवतात. त्यातली चार-दोन किंवा दहा-बारा चित्रं सगळं जागच्या जागी थांबतं आणि मग समोरचा उडतो. या थांबण्याला ‘हिटस्टॉप’ म्हणतात. थांबा जितका लांब, तितका घाव जड वाटतो. 2022 ते 2024 या काळात गेम बनवण्याच्या कलेवर साकुराईने जे व्हिडिओ केले, त्यांत या थांब्याबद्दल तो मोठ्या आस्थेने बोलतो. थांब्याच्या जोडीला आवाज, पडद्याची थरथर, ठिणग्या आणि वाढलेला आकडा. बस्स. कितीही भयंकर तलवार घ्या, कितीही धारदार कुऱ्हाड घ्या, उकलून पाहिलं तर हातात एवढंच उरतं: एक विराम, एक आवाज, एक आकडा. कोदानच्या कथेकऱ्याने मेजावर मारलेला फटका आणि मानझाईतला हारिसेन याहून वेगळ्या कशाचे बनलेले होते? बाकीची हत्यारं आपण पोलादाची आहोत असं भासवतात. पंखा कागदाचाच आहे आणि कागदाचाच दिसतो.

हे प्रतीकापुरतं असतं तर लेख इथेच थांबवता आला असता. पण पंख्याच्या बाबतीत बनवणाऱ्यांनी गंमत रूपावर सोडून दिली नाही, ती नियमात उतरवली. कागद हलका, म्हणून मार कमी. हे झालं अर्धं तर्कशास्त्र. उरलेलं अर्धं असं की कागद हलका, म्हणून हात भराभर चालतो. या खेळातलं सगळ्यात चपळ हत्यार म्हणजे हा पंखा. बॅटचा जोरदार फटका मारायचा तर आधी ती मागे ओढून बराच वेळ उभं राहावं लागतं. त्या वेळात समोरचा निघून जातो, किंवा येऊन तुम्हालाच हाणतो. पंख्याला अशी तयारी लागत नाही. बटण दाबलं की फट्, पुन्हा फट्, पुन्हा फट्. एकदा का समोरचा या माऱ्यात सापडला की त्याला सावरायला फट मिळणं कठीण. शिवाय पंख्याचा एक गुण पहिल्या नजरेला दिसत नाही: तो ढाल फोडतो. ‘स्मॅश’मध्ये प्रत्येकाला स्वतःभोवती बुडबुड्यासारखी ढाल उभी करता येते. ती वापरताना आणि मार झेलताना लहान होत जाते, सोडली की पुन्हा भरते. पार संपली तर फुटते, आणि फुटली की तिच्या मालकाला चक्कर येऊन तो काही सेकंद डोलत राहतो. तलवारीपुढे ही ढाल बऱ्यापैकी टिकते. पंख्यापुढे मात्र तिची वाताहत होते. कागदाचा पंखा अंगाला लागत नाही, पण ढालीला लागतो.

ही निवड उगाच केलेली नाही. ढालीआड दडून बसणारा खेळाडू कोण असतो? बहुधा तो सावध, सरावलेला, समोरच्याची चूक होण्याची वाट पाहणारा असतो. नवखा ढाल विसरतो. म्हणजे पंख्याचा खरा मार नवख्याला बसत नाही, शहाण्याला बसतो. मानझाईत फटका खुळ्याला पडतो, इथे अतिशहाण्याला पडतो. आणि ढाल फुटल्यावर पुढे काय? पंखा टाकायचा, बाजूला पडलेली बॅट उचलायची, आणि डोलणाऱ्या गड्यासमोर उभं राहून तिला सावकाश मागे ओढायचं. एरवी जो फटका सहसा लागत नाही तो इथे हमखास लागतो, बेसबॉलचा टोला बसल्यासारखा आवाज होतो आणि माणूस क्षितिजापार. निव्वळ मार म्हणून पंखा शून्य. पण तो दुसऱ्या हत्याराला सवड मिळवून देतो. जिग्लीपफच्या बाबतीत तर बॅटचीही गरज नाही. पोकेमॉन पाहिलेल्यांना गाणं म्हणून सगळ्यांना झोपवणारा हा गुलाबी फुगा आठवत असेल. ‘स्मॅश’मध्ये त्याची ढाल फुटली की तो सरळ वर उडतो, आणि डोक्यावर छत नसेल तर आकाशातूनच हद्दपार होतो. जिग्लीपफपुरता तरी हा कागदी पंखा खेळातल्या सर्वांत जीवघेण्या हत्यारांपैकी एक आहे.

विनोद नियमात मुरवणं आणि तो वरून चिकटवणं यांतला फरक पाहायचा तर नाम्कोच्या ‘सोलकॅलिबर’ मालिकेकडे पाहावं. तलवारी, भाले, परशू यांनी लढण्याचा हा गेम दिसायला भारदस्त आहे, आणि तरी त्यात खास थट्टेची म्हणून हत्यारं दिलेली आहेत. ‘सोलकॅलिबर 2’च्या निन्तेन्दोच्या गेमक्यूब कन्सोलवरच्या आवृत्तीत निन्तेन्दोचं लिंक हे पात्र पाहुणं म्हणून आलं, तर त्याच्यासाठी किडे पकडायची जाळीही आली. पाहिल्यावर हसू येतं. पण जाळी हाती घेतलेला लिंक तलवारीचेच पवित्रे घेतो, तलवारीसारखाच वार करतो. जाळीने काही पकडता येत नाही. आवाज वेगळा, बळ कमी-जास्त, बाकी सगळं तेच. हा विनोद पहिल्या फेरीला हसवतो आणि तिसऱ्या फेरीला दिसेनासा होतो. पंख्याचं तसं झालं नाही, कारण तो हाती आल्यावर खेळण्याची रीतच बदलते. अंतर बदलतं, घाई बदलते, समोरच्याने ढाल धरावी की पळावं हा हिशेब बदलतो. ज्यांना हारिसेन म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं अशा अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या पोरांनाही हे हत्यार कळलं, ते यामुळेच. इंग्रजी आवृत्तीत त्याचं नाव नुसतं ‘फॅन’. जपानी विनोदी रंगमंचाची आठवण त्या पोरांना असायचं कारण नव्हतं. पण मोठ्ठा आवाज, क्षुल्लक इजा आणि न थांबणारी फटफट यांना भाषांतर लागत नाही.

यावर पहिली हरकत येते ती गंभीर खेळाडूंकडून. स्पर्धांमध्ये वस्तू बंदच ठेवतात. म्हणजे ज्यांना खेळ खरा कळतो त्यांनी पंख्यासकट हा सगळा पसारा कधीच बाहेर काढलाय, मग त्याचं कसलं कौतुक? वस्तुस्थिती बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. ‘मेली’च्या सुरुवातीच्या स्पर्धांत निवडक वस्तू चालू असत. त्या बंद होण्यामागे एक मोठं कारण होतं वस्तू ठेवलेल्या डब्यांचं. ते कधी कुठेही पडत आणि त्यांतले काही नुसत्या धक्क्याने फुटत. ऐन वार करायच्या क्षणी समोर डबा येऊन पडावा आणि आपल्याच फटक्याने आपणच उडावं, यात बक्षिसाची रक्कम गेली तर चिडणं साहजिक आहे. 2008 च्या ‘ईव्हो’ या मोठ्या स्पर्धेत ‘ब्रॉल’ वस्तूंसह खेळवला गेला आणि त्यावरून बराच वाद झाला. पण हा सगळा राग नशिबावर आहे, पंख्यावर नाही. पंख्याचा प्रत्येक फटका ठरलेला आहे, त्याची गती ठरलेली आहे, त्याच्याशी कसं वागायचं हे शिकता येतं. बेभरवशाचं काही असेल तर तो कुणाच्या पायाशी पडतो एवढंच. शिवाय हा खेळ चौघांनी सोफ्यावर बसून खेळायचा म्हणून बनवला गेला. स्पर्धेचं मोजमाप हेच एकमेव खरं मोजमाप, असं मानायला मी तरी तयार नाही.

दुसरी हरकत पालकांची. मारणं हसण्यावारी नेलं की मुलांना मारण्याचं काही वाटेनासं होतं, असं ती म्हणते. ही हरकत मी हलकी मानत नाही. दुसऱ्याला फटका बसल्यावर येणाऱ्या हसण्यात थोडा क्रूरपणा असतोच, आणि जपानी विनोदही त्यातून सुटलेला नाही. पण मग प्रश्न असा पडतो की यापेक्षा प्रामाणिक पर्याय कोणता? राखाडी घाम दाखवणारा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ तोच खून दाखवत होता, फक्त रंग बदलून. ‘स्मॅश’ने खूनच काढून टाकला. पहिल्या गेमच्या सुरुवातीला हातमोजा घातलेला एक भलामोठा हात खेळण्यांच्या पेटीतून बाहुल्या काढून मेजावर ठेवतो आणि त्या जिवंत होतात. पुढच्या गेममध्ये ही पात्रं चषकावरच्या पुतळ्यांसारखी दाखवली आहेत, आणि ‘ब्रॉल’च्या कथेत हरलेला पुन्हा पुतळा होतो. इथे मेजावरची खेळणी एकमेकांवर आपटताहेत हे मुलाला पहिल्या मिनिटापासून ठाऊक असतं. त्या मेजावर पोलादी तलवारीपेक्षा कागदी पंखा जास्त खरा वाटतो.

तिसरी हरकत सगळ्यात अवघड आहे, आणि ती खुद्द बनवणाऱ्यांकडून आलेली आहे: त्यांनी पंखा काढून टाकला. 2014 साली आलेल्या दोन्ही आवृत्त्यांत तो नाही. 2018 च्या ‘अल्टिमेट’मध्ये आधीच्या गेममधली सगळी लढणारी पात्रं परत आणल्याचा गाजावाजा झाला, तरी पंखा परतला नाही. इतकं मर्म त्यात होतं तर तो गेला का? कारणाचे तर्क बरेच लढवता येतील. त्यापेक्षा पंख्यातला दोष पाहिलेला बरा, कारण दोष होता. मानझाईत फटका खाल्लेला माणूस लगेच पुढचं खुळं वाक्य बोलतो. त्याची पाळी कुणी हिरावून घेत नाही, उलट फटक्यामुळेच ती त्याला मिळते. पंख्याच्या माऱ्यात अडकलेल्या खेळाडूला पाळीच मिळत नाही. तो बटणं दाबत राहतो, पडद्यावर काही घडत नाही, आणि शेजारचा खदखदत असतो. पहिल्या तीन फटक्यांना चौघं हसतात, दहाव्याला एकटा मारणाराच हसतो. इथे गेमने हारिसेनचा आवाज आणि वेग घेतला, पण तो फटका संवादातला एक ठोका असतो हे त्याच्या हातून सुटलं. माझ्या मते पंखा मुळातूनच फसलेला होता असं नाही. दर फटक्यानंतर समोरच्याला निसटायची एक बारीक संधी ठेवली असती, तरी तो निभावला असता.

मालिकेला ही चूक कळली असावी अशी शंका यायला जागा आहे, आणि ती हातोड्यामुळे येते. हातोडा मूळचा 1981 च्या ‘डाँकी काँग’मधला. तिथे मारिओच्या हाती तो असला की शिडी चढता येत नसे. ‘स्मॅश’मध्ये तो उचलला की त्याच गेमचं संगीत वाजू लागतं, हात आपोआप वरखाली होऊ लागतात, आणि समोर येईल तो उडतो. पण हवेत दुसरी उडी मारता येत नाही आणि हातोडा टाकताही येत नाही, म्हणजे कडेवरून पाऊल चुकलं की गेला. ‘मेली’पासून त्याचं डोकं कधीमधी निखळून पडतं आणि बलदंड योद्धा नुसता दांडा हलवत राहतो. ‘ब्रॉल’मध्ये सोनेरी हातोडा आला, तो 1985 च्या ‘रेकिंग क्रू’मधून. त्याने हवेत तरंगताही येतं, आणि तो दिसला की चौघंही त्याच्यावर झडप घालतात. त्यातला एखादा मात्र खोटा निघतो. पहिल्या ठोक्याला चूँ असा रबरी खेळण्याचा आवाज येतो, समोरच्याचा एक टक्काही वाढत नाही, आणि वेळ संपेपर्यंत तो चुँचुँ करत हलवत बसण्याखेरीज इलाज नसतो. ज्याला मारायचं तो मोकळा, जो मारतोय तो अडकलेला. पंखा गेला, खोटा हातोडा मात्र 2014 मध्येही होता आणि 2018 मध्येही आहे.